तुळशीतली तार

आमच्या रेडिओची एक तार तुळशीत पुरलेली होती. आज कुणाला सांगितलं तर हसतात, पण त्यात वेडेपणा काही नव्हता. तेव्हाच्या रेडिओला दोन तारा लागायच्या. एक वर, अंगणाच्या दोन टोकांना रोवलेल्या बांबूंच्या मध्ये ताणलेली. ती आवाज पकडायची. दुसरी खाली, जमिनीत पुरायची. तिला अर्थिंग म्हणत. ती जिथे पुरायची तिथली माती कायम ओली हवी. माती सुकली की रेडिओ खरखरायला लागतो. आता आमच्या अंगणात बारा महिने न चुकता पाणी पडणारी जागा एकच होती. तेव्हा ह्यांनी वृंदावनातली माती हातभर उकरली, तारेच्या टोकाला तांब्याचा पत्रा गुंडाळून आत सोडला, वर माती सारखी केली आणि हात धुता धुता मला म्हणाले, "तू पानी घातलंस तर ह्यो बोलनार. न्हाई घातलंस तर बसंल मुका."

"आन तुमी न्हाई बोललात तर?" मी म्हटलं. लग्न नवीन होतं, पण जीभ माहेराहून तिखटच आणली होती.

ते नुसते हसले. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, इथेही घेणार नाही. ते पलटणीत बिनतारीवर होते, म्हणजे कानाला यंत्र लावून दूरचे निरोप घ्यायचे आणि पाठवायचे. रजेवर आले की त्यांचे हात गप्प बसत नसत. त्या रजेत पिंपरीच्या कॅम्पातून, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या वसाहतीतून, त्यांनी एक जुना रेडिओ आणला. गावात वीज नव्हती, म्हणून तो बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी चांगली दोन विटा शेजारी ठेवल्याएवढी. ती लवकर उतरू नये म्हणून रेडिओ रोज अगदी थोडा वेळ लावायचा, बाकी वेळ त्याच्यावर माझ्या रुखवतातला भरतकामाचा रुमाल. पाहुणे यायचे ते रेडिओ ऐकायला, आणि रुमाल बघून जायचे.

आमचं गाव पिंपळे सौदागर. माझ्या मुलाचा फ्लॅट आज ज्या इमारतीत आहे, तिच्या पार्किंगच्या जागी आमची बाजरी असायची. पवनेच्या काठाने मातीची घरं, घरांमागे गोठे, गोठ्यांमागे शेतं. नदीपलीकडे पिंपरीला औषधाचा नवा कारखाना झाला होता. त्याचा भोंगा वाजला की आमच्या म्हशी माना वर करायच्या. माझे धाकटे दीर त्याच कारखान्यात लागले होते. नदी उतरून पाळीला जायचे, आणि परत आले की सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दमल्याचं सांगायचे. मी त्यांना भावोजी म्हणायचे. मोठा भाऊ पलटणीत परत गेला की रेडिओची बटणं फिरवायचा हक्क त्यांचा, आणि तो ते कुणाला शिवू देत नसत.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. तुळशीत तार पुरली तेव्हा त्या ओट्यावरून बघत होत्या. "देवाच्या मुळाशी तार घालतोस व्हय रं?" एवढंच म्हणाल्या. "आई, उलट देवाच्या पायाशी ठिवली," असं ह्यांनी सांगितल्यावर आत निघून गेल्या. लेकाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. बाकी सगळ्या जगाला जमायचं.

त्यांचा एक हट्ट मात्र मला पहिल्यापासून कळत नसे. पत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. ह्यांचं पत्र आलं की मी वाचून दाखवायची, कारण घरात भावोजींच्या खालोखाल मीच, चौथीपर्यंत शिकलेली. त्या सगळं ऐकून घ्यायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "कागद हाय. कागदाला जीव कुटं असतो?" मला राग यायचा. वाटायचं, मी खोटं वाचते असं म्हणायचंय की काय यांना.

मग एकदा भावोजींनी सांगितलं. माझे सासरेही सैन्यात होते, मोठ्या लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात गेले होते. तिथेच गेले. तार आली, आत्याबाईंच्या बांगड्या फुटल्या, दिवस झाले. आणि त्यानंतर त्यांची पत्रं यायला लागली. बोटीने येणारी, आधी टाकलेली, वाटेत अडकलेली पत्रं. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' एक आलं, मग दुसरं आलं. आत्याबाई प्रत्येक पत्र मास्तरांकडे घेऊन जायच्या, आणि प्रत्येक वेळी मास्तर मान खाली घालून तेच वाचायचे, मी खुशाल आहे. ते ऐकल्यावर मी पत्राबद्दल त्यांच्याशी वाद घातला नाही. इतर गोष्टींवर घालत राहिले.

आणि नेमकं सत्तावन्न साली ह्यांची पलटणही वाळूतच गेली. परक्या मुलखात, दोन देशांच्या भांडणात मध्ये उभं राहायला. ही लढाई नव्हे, पहारा आहे, असं ह्यांनी आईला दहा वेळा समजावलं. आत्याबाईंनी एकच विचारलं, "तितं बी वाळूच का?" हे हो म्हणाले.

पावसाळा सरता सरता पत्र आलं. जवानांचे घरच्यांना निरोप रेडिओवरून सांगायचे ठरले होते. तिकडच्या छावणीतून बिनतारीने आवाज दिल्लीला येणार, आणि दिल्लीहून शॉर्टवेव्हवर साऱ्या देशाला. ह्यांची पाळी अमुक दिवशी, दिवस मावळताना. आवाज त्यांचाच.

आत्याबाईंनी मला ते पत्र तीनदा वाचायला लावलं. असं कधी झालं नव्हतं. "आवाज म्हंजी, त्याचा सोताचा? दुसरा कोन वाचून दावनार न्हाई?" त्यांचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळा बघितला. मग भावोजींनी पंचांग काढलं, आणि तो दिवस पितृपक्षातला निघाला. सरकारला कुठला आलाय पितृपक्ष. आत्याबाई जराशा चरकल्या, पण मग स्वतःच म्हणाल्या, "बापाच्या दिवसांत लेकाचा आवाज येतोय. ऐकंल त्यो बी." सगळ्या आळीला आमंत्रण गेलं.

आदल्या संध्याकाळी भावोजींनी रेडिओ लावून बघितला आणि आम्ही थक्क झालो. इतका स्वच्छ तो कधीच लागला नव्हता. दिल्ली तर शेजारच्या ओसरीवर बसल्यासारखी. काटा जरा हलवला की कुठली कुठली दूरची स्टेशनं, न कळणाऱ्या भाषा, कुणी बाई गातेय, कुणी माणूस भांडल्यासारखा बातम्या सांगतोय. भावोजी इतके फुगले की जणू ते सगळे देश त्यांनीच बोलावले होते. आत्याबाई मला म्हणाल्या, "पानी चांगलं घातलंस ग." त्यांनी माझं कौतुक केलेलं ते पहिलंच असावं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरची झाले.

आता हे लिहायला कुणी लाजत नाही, म्हणून लिहिते. तेव्हा चार दिवस वेगळं बसायचं. चूल नाही, देवघर नाही, पाण्याचा हंडा नाही, आणि तुळशीच्या तर जवळपासही फिरकायचं नाही. सावली पडली तरी ती सुकते म्हणत. त्या दिवशी पाणी आत्याबाईंनी घातलं. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून पोत्यावर बसले आणि दिवसभर नशिबाला शिव्या दिल्या. घरात जायची बंदी, पण अंगणातून ऐकू येईल एवढंच समाधान.

संध्याकाळी माणसांनी ओसरी भरली. पोरं उंबऱ्यात, बाया ओट्यावर. रुमाल काढला. आत्याबाई रेडिओच्या इतक्या जवळ बसल्या की भावोजींना बटणाला हात घालायला जागा राहिली नाही. मी अंगणाच्या कडेला येऊन बसले होते, सूर्य माझ्या पाठीमागे बाजरीत उतरत होता. भावोजींनी बटण फिरवलं.

खरखर. नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी, आणि तिच्यामागे काहीच नाही. काटा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. काल जिथे दिल्ली होती तिथे खरखर. काल जिथे बाई गात होती तिथेही. "बॅटरी उतरली," कुणीतरी म्हणालं. भावोजींनी चिडून रेडिओ पुण्यावर लावला, आणि पुणं खणखणीत लागलं. शेतकऱ्यांना बियाण्याची माहिती चालली होती, एकेक शब्द स्पष्ट. पुन्हा दिल्ली लावली. खरखर. पुन्हा पुणं. बियाणं.

असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. आत्याबाईंनी कान जाळीला लावला होता. एकदा मध्येच, खरखरीच्या तळाशी, माणसाचा आवाज असल्यासारखा भास मला झाला, आणि मी उठून उभी राहिले. तो गेला. मग अंधार पडला आणि भावोजींनी बटण बंद केलं. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "पुनं येतं. मग माजंच पोर का येईना?"

तेव्हा शेजारच्या म्हातारीचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी उभी होते, आणि मघाशी सूर्य माझ्यामागे असताना माझी सावली कुठवर गेली होती ते तिने बघून ठेवलं होतं. "तुळशीवर पडली व्हती हिची सावली. आन तार तुळशीतनं आत. इटाळ थेट रेडूत गेला की."

सगळ्या आळीला ते पटलं. तार डोळ्यांना दिसत होती. तुळशीतून निघून, ओट्याखालून, भिंतीच्या भोकातून आत. आवाज तारेतून येतो हे सगळ्यांनी मान्यच केलेलं. मग विटाळ तारेतून का जाणार नाही? हसू नका. मलासुद्धा क्षणभर पटलं.

पण मग मला राग आला, आणि राग आला की मला धीर येतो. मी अंगणातूनच म्हणाले, "आत्याबाई, माजा इटाळ तारेतनं गेला आसंल तर पुनं कसं वो लागलं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "पुन्याला काय त्याचं. त्ये कुनाचं पोर न्हाई," म्हणाल्या. मग खुरपं घेऊन खाली उतरल्या, कंदिलाच्या उजेडात तुळशीची माती उकरली आणि तार ओढून काढली. तांब्याचा पत्रा चिखलाने भरलेला होता, ओला गच्च. "त्याचा आवाज ऐकस्तवर तुळशीला पानी तू घालायचं न्हाई," असं मला सांगून त्या आत गेल्या. त्यांचा आवाज चढलासुद्धा नाही. त्या रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. त्या घाबरल्या होत्या, आणि ते मला बघवलं नाही.

त्या संध्याकाळी खरं काय झालं होतं ते मला फार उशिरा नीट कळलं, माझ्या लेकीकडून. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. एकदा तांदूळ निवडता निवडता मी तिला ही सगळी हकीकत सांगितली, तर ती हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "आई, चुंबकीय वादळ होतं ते." मग तिने मला समजावलं, आणि मला समजावं म्हणून मोटेचा दाखला दिला. तिचा बाप सोडून इतक्या धीराने मला कुणी काही समजावलं नसेल.

ढगांच्याही कितीतरी वर, जिथे हवा अगदी विरळ होते, तिथे उन्हाने हवेच्या कणांतून वीज सुटी होते. तो विजेचा थर म्हणजे आयनोस्फियर. दिल्लीहून निघालेली शॉर्टवेव्हची लहर वर जाते, त्या थरावर आपटून खाली वळते, आणि म्हणून आपल्याला ऐकू येते. पुणं जमिनीलगत यायचं, त्याला आकाशाची गरजच नव्हती. आता हा थर वर नुसता पडून नसतो. दिवसा त्याच्यात पूर्वेच्या दिशेने विद्युत क्षेत्र असतं, म्हणजे विजेच्या कणांना ओढणारं बळ. आणि आपल्या दक्षिणेला, देशाच्या टोकाजवळ, पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषा आडव्या असतात. हे दोघे मिळून तो थर वर उचलतात. मोटेने पाणी वर यावं आणि पाटाने रानात जावं, तसा तो उचललेला थर चुंबकाच्या रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतो. आपल्या आकाशाला त्यातला वाटा मिळतो. सूर्य मावळायच्या सुमाराला हे क्षेत्र थोडा वेळ आणखी जोर करतं आणि मग रात्रीपुरतं उलटं फिरतं.

"सूर्यावरून सुटलेलं वादळ पृथ्वीवर आदळलं," ती म्हणाली, "की त्याचं विद्युत क्षेत्र ध्रुवांकडून आपल्यापर्यंत काही मिनिटांत पोचतं. बैल बुजून जोरात ओढतात म्हण. थर खूप उंच उचलला जातो, पाट तुडुंब वाहतो. तुमची आदली संध्याकाळ ती."

"आन दुसरी?"

"ध्रुवांकडची हवा वादळाने तापते. तिथून वारे आपल्याकडे वाहायला लागतात, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ते उलट्या दिशेचं विद्युत क्षेत्र तयार करतात. मोट खालीच अडकते. आपल्या आकाशातला थर विरळ होतो, आणि लहर खाली वळायच्या ऐवजी आरपार निघून जाते."

निघून जाते. मी तिला विचारलं, कुठे जाते? ती म्हणाली, वरच. मग मी तांदूळ तसेच ठेवून जरा अंगणात जाऊन आले.

पण सत्तावन्न साली आमच्याकडे ही लेकही नव्हती आणि हे ज्ञानही नव्हतं. काढलेली तार गुंडाळून खुंटीला अडकवलेली होती, आणि आत्याबाई मनात काय धरून बसल्या होत्या ते सगळ्यांना दिसत होतं. सासऱ्यांच्या वेळी कागद येत राहिले आणि माणूस नव्हता. आता कागद येतायत, आणि आवाज आला नाही.

मी चार दिवसांनी न्हाऊन घरात आले. सर्वपित्रीला आत्याबाईंनी सासऱ्यांचं पान वाढलं. भात, वरण, खीर, भाजी, सगळं. कावळा लगेच आला. त्या तरीही उभ्याच. हातात वाटीभर भात उरला होता, तो घेऊन रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या, पानाच्या शेजारी. दुसरं पान मांडायला हवं की नको, हे त्या स्वतःला विचारत होत्या. मला तसंच वाटलं. भावोजी मान फिरवून उभे होते.

मी पुढे झाले, त्यांच्या हातातली वाटी घेतली, आणि तिथेच उभ्याने तो भात खाल्ला. सगळा. "त्ये जिते हायेत, आत्याबाई," मी म्हणाले. "त्यांच्या वाटनीचं मी खाल्लं."

मला वाटलं, त्या मारतील. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, कुंकवाकडे, बराच वेळ. आणि रिकामी वाटी घेऊन आत गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. माझ्या ताटात तूप त्या आपल्या आधी वाढायच्या. फक्त तुळशीचा तांब्या त्यांनी आपल्याकडे ठेवला. पहाटे उठून त्या अंगणात जायच्या, आणि मी चुलीजवळ बसून पाणी पडल्याचा आवाज ऐकायची. सून असून तुळशीला पाणी घालायचं नाही, हे गावात सगळ्यांना दिसतं. विहिरीवर बाया विचारायच्या नाहीत, पण बघायच्या. माझ्या हातून ह्यांचं काही वाईट झालंय, असंच ते बघणं होतं. मी रात्री पालथी पडून रडायची, आणि सकाळी कुणाशी तरी भांडायची.

पत्रं येत होती. मी वाचायची. 'मी खुशाल आहे.' आत्याबाई उठून जायच्या. तो निरोप पुन्हा कधी रेडिओवर लागेल असं भावोजी सांगत राहिले, पण दुसऱ्यांच्या पाळ्या होत्या; ह्यांची परत आली नाही. आणि अर्थिंग नसल्यामुळे रेडिओ आता तसाही खरखरायचाच.

हे उन्हाळ्यात आले. न कळवता. पवनेला गुडघाभर पाणी होतं. पिंपरी स्टेशनावर उतरून, बूट हातात धरून, नदी उतरून चालत आले. आत्याबाई ओट्यावर चिंचा फोडत होत्या. त्यांनी हातातला दगड खाली ठेवला, उठल्या, आणि लेकाचे दंड, गाल, कान चाचपून बघितले. मग चिंचेच्या हातांनीच त्याला धरून रडल्या. मी दाराआड. मला फक्त बूट दिसत होते, ओट्याच्या पायरीवर ठेवलेले, आणि मला तेवढे पुष्कळ होते.

जेवताना त्यांची नजर खुंटीवरच्या तारेकडे गेली. "ही कुनी काढली?"

भावोजींनी सांगितलं. पितृपक्ष, खरखर, पुणं, सावली, सगळं. मी भाकरी थापत होते. थापता थापता हात थांबला आणि भाकरी परातीला चिकटली.

हे जेवायचे थांबले. "आई, त्या दिशी आमच्याकडं बी तसंच झालं," म्हणाले. "सगळं आभाळच बिघडलं व्हतं. आमच्या सायबाच्या बिनतारीला बी दिल्ली लागंना. लागोपाठ दोन दिस. पार विलायतेपर्यंत लोकांच्या बिनतारी बंद पडल्या म्हनं. सूर्याकडनं वादळ येतं तसलं. मानसाच्या सावलीनं न्हाई व्हत ते."

आत्याबाईंनी हे ऐकलं की नाही कळेना. त्या म्हणाल्या, "म्हंजी तू बोललाच न्हाईस?"

"बोललो की. माजी पाळी आली तवा पुढनं काय बी उत्तर न्हवतं, नुसती खरखर. सायेब म्हनला, सोड, कोन ऐकतंय. पर म्या म्हनलं, घरी सगळी बसली आसतील. बोललो."

"काय बोललास?"

ते लाजले. इतका मोठा गडी, उन्हाने काळा पडलेला, आणि ताटाकडे बघत बसला. "आता काय त्याचं."

"बोल," आत्याबाई म्हणाल्या. "जसं तवा बोललास तसं. आत जा, रेडूपाशी बस. आमी हितं भाइर बसतो."

भावोजींना हसू फुटलं, पण आईचा चेहरा बघून ते गप्प झाले. हे हात धुऊन आतल्या खोलीत गेले. आत्याबाईंनी मला चुलीपासून उठवलं आणि अंगणात आपल्या शेजारी बसवलं. दिवस मावळत होता. आत ह्यांनी घसा खाकरला. मग त्यांचा आवाज आला, पलटणीतला, सरळ उभं राहून बोलल्यासारखा.

"मी पिंपळे सौदागरचा जवान बोलतोय. आईला माझा दंडवत. माझी तब्येत चांगली आहे. खाण्यापिण्याचे हाल नाहीत. धाकट्याने पाळी चुकवू नये आणि आईशी वाद घालू नये." मग पलटणीतला आवाज सुटला, आणि घरातला आला. "आन घरात तुळशीला जी पानी घालती, तिला सांगनं हाय. पानी रोज घालत जा. तू घातलंस की मला हितं कळतं. मी ऐकतोय."

नाव नाही. सगळ्या देशापुढे, आईपुढे, बायकोचं नाव कोण घेणार? पण हे असं ते वाळूत उभं राहून, पुढून काही उत्तर नसताना बोलले होते, आणि ते आमच्या अंगणावरून, माझ्या डोक्यावरून, वर निघून गेलं होतं. मी पदर तोंडात धरला.

आत्याबाई उठल्या. आत जाऊन तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला.

"ऐकलंस न्हवं," त्या म्हणाल्या. "घाल पानी."

मी तुळशीला पाणी घातलं. पूर्ण तांब्या, हळूहळू, माती काळी होईपर्यंत. आणि आत, बंद रेडिओशेजारी, ते गप्प बसून ऐकत होते.